प्रतिनिधी हवेतच कशाला?

पाणचक्की

खूप दिवस डोक्यात घोळत असलेला विषय आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

चार-पाच वर्षांतून एकदा आपण कुणाला तरी निवडून देतो आणि पुढली चार-पाच वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडत बसतो. ही पद्धत रुजली घोडागाडीच्या जमान्यात. राजधानी आठ-आठ दिवसांच्या वाटेवर, सगळ्यांनी जाऊन बसणं अशक्य, म्हणून एकाला पाठवायचं. अडचणीवर काढलेला तोडगा होता तो. आता ती अडचण उरलेली नाही, तरी तोडगा मात्र आपण देव्हाऱ्यात बसवलाय.

'व्यवहारात हे चालत नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन-तीन दाखले. स्वित्झर्लंडमध्ये संसदेनं केलेला कायदा पटला नाही, तर १०० दिवसांत ५०,००० सह्या गोळा करायच्या. तो कायदा लोकांच्या मताला टाकावाच लागतो. १८ महिन्यांत १ लाख सह्या जमवल्या तर थेट राज्यघटनेतच बदल सुचवता येतो. वर्षातून साधारण चार वेळा तिथं मतदान होतं आणि देश काही बुडालेला नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ पासून महापालिकेच्या खर्चाचा काही भाग वस्त्यांच्या सभांमधून ठरवायला सुरुवात केली, पुढे जगभरच्या शहरांनी ती कल्पना उचलली. आणि तॉर्बेल नावाचं स्विस डोंगरातलं गाव घ्या. १५१७ मध्ये गावकऱ्यांनी नियम केला, की हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणात सोडायच्या. वरून नेमलेला अधिकारी नाही, मंत्री नाही. शतकानुशतकं कुरण टिकलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी असल्याच उदाहरणांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

माझं म्हणणं: जिथं परिणाम भोगायचे तिथंच निर्णय व्हावा, आणि जे भोगणार त्यांनीच तो घ्यावा. मधली माणसं कमी करा. तुम्हाला काय वाटतं?

शेवटचा बाक

पहिला!

आता गंभीरपणे. मोबाइलच्या ॲपचं अपडेट आलं की खालच्या अटी न वाचता 'मान्य आहे' दाबणारी जनता आपण. रोज संध्याकाळी चार विधेयकं वाचून मत देणार? अथेन्समध्ये इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सभेला येण्याबद्दल पैसे द्यायला लागले होते. लोकशाहीच्या माहेरी ही गत.

पाणचक्की

@शेवटचा बाक, पैसे दिले म्हणजे गरिबाला दिवसाची मजुरी बुडवून येता आलं. मला तर ती चांगलीच सोय वाटते. संसद सदस्यांना आपण मानधन देतोच की!

उलटतपासणी

धागाकर्त्यानं दोन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे. आधी ती सोडवू, मग वाद घालू.

एक प्रश्न आहे सत्ता *कुठं* असावी याचा. राजधानीत, की खाली गावात, खोऱ्यात, वस्तीत. दुसरा प्रश्न *कोणी* ठरवायचं याचा. सगळ्यांनी मिळून, निवडलेल्यांनी, की चिठ्ठ्या टाकून काढलेल्यांनी. या दोन्हींची सरमिसळ केली की चर्चा गोल गोल फिरते. केंद्रीकृत असूनही थेट मतदान असू शकतं. एखादा हुकूमशहा देशभर सार्वमत घेतो आणि सगळी सत्ता स्वतःकडे ओढतो, ते काय असतं? आणि पूर्ण विकेंद्रित असूनही कारभार प्रतिनिधींचा असू शकतो.

दुसऱ्या प्रकाराचं मला आवडणारं उदाहरण स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं. तिथं शेतीच्या पाण्याचं न्यायालय आहे. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, कॅथेड्रलच्या दारात, उघड्यावर. काळे झगे घातलेली माणसं गोलाकार खुर्च्यांवर बसतात. एकेका कालव्याचं नाव पुकारून विचारतात, कुणाची तक्रार आहे का. असेल तर तोंडीच सुनावणी, वकील नाही, आणि निकाल तिथल्या तिथं. कुणी पाळीबाहेर पाणी घेतलं, कुणी पाट साफ ठेवला नाही, असली प्रकरणं. तक्रार नसेल तर काही मिनिटांत सगळे उठून जातात. कितीतरी शतकं हे चालू आहे. २००९ मध्ये युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घेतलं.

आता गंमत बघा. ते काळ्या झग्यातले लोक कोण? त्या-त्या कालव्याच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले. प्रतिनिधीच! फक्त ते स्वतः शेतकरी असतात आणि शुक्रवारी सकाळी त्याच पाटावर उभे असतात. चुकीचा निकाल दिलेला माणूस बांधावर भेटतो. म्हणजे प्रतिनिधी असणं ही अडचण नव्हेच. तो किती लांब जाऊन बसतो, ही अडचण आहे.

गाठोडं

पुढची खुर्ची पकडून बसलोय. येऊ द्या.

दुवा_तुटला

विकेंद्रित कारभाराचा विषय निघाला आणि ब्लॉकचेन (कुणा एकाच्या ताब्यात नसलेली, अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली व्यवहारांची साखळी) अजून कुणी काढलं नाही म्हणजे नवलच. मीच काढतो, कारण हात पोळलेत.

२०१६ च्या एप्रिलअखेर इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर 'द डाओ' नावाचा निधी सुरू झाला. संचालक नाहीत, अध्यक्ष नाही. टोकन (डिजिटल नाणं, तोच मताचा हक्क) घ्या, मत द्या, नियम प्रोग्रॅममध्ये लिहिलेले आणि प्रोग्रॅम म्हणेल तोच कायदा. १७ जूनला त्याच प्रोग्रॅममधल्या एका फटीतून कुणीतरी सुमारे ३६ लाख इथर (तिथलं चलन) काढून घेतले. आता आली का पंचाईत? 'प्रोग्रॅम म्हणेल तोच कायदा' हे खरं धरलं तर ती चोरीच नव्हती! शेवटी बरीच भवति न भवति होऊन २० जुलैला अख्खी साखळीच दुभंगवली आणि पैसे परत फिरवले. ज्यांना ते मान्य नव्हतं ते जुन्या साखळीवर राहिले, तीच इथेरियम क्लासिक. मुद्दा असा, की संकट आल्यावर निर्णय घ्यायला पुढे कोण झालं? प्रोग्रॅम लिहिणारे ओळखीचे चेहरे. निवडणूक न झालेले प्रतिनिधी म्हणा हवं तर.

दुसरा किस्सा याहून भारी. एप्रिल २०२२, बीनस्टॉक नावाचा तसलाच प्रकल्प. तिथंही टोकनच्या प्रमाणात मत. एका भामट्यानं आदल्या दिवशी एक ठराव मांडून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं काही क्षणांपुरतं अब्जभर डॉलरच्या घरातलं कर्ज उचललं (एकाच व्यवहारात घ्यायचं आणि फेडायचं असं कर्ज तिथं मिळतं), त्यातून दोन तृतीयांशाहून जास्त मतं विकत घेतली, स्वतःचा ठराव स्वतः मंजूर केला, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडून टाकलं. सुमारे १८ कोटी डॉलरचा फटका. सगळं नियमात बसवून. ठराव दिवसभर सगळ्यांना दिसत होता, कुणी उघडून पाहिला नाही.

मी स्वतः एका छोट्या प्रकल्पात वर्षभर मतं देत होतो. नाव घेत नाही. सुरुवातीला प्रत्येक ठराव वाचायचो, टिपणं काढायचो. सहा महिन्यांनी लक्षात आलं, की मतदान संपायच्या तासभर आधी तीन खाती येतात आणि ती ज्या बाजूला पडतात तीच बाजू जिंकते. आमची शंभर-दीडशे मतं नुसती रांगोळी. त्या तिघांना जाब विचारायला नाव नव्हतं, गाव नव्हतं. होती फक्त आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ.

आमदार निदान लग्नात तरी दिसतो हो.

शेवटचा बाक

'आमदार निदान लग्नात तरी दिसतो' 😂 हे फ्रेम करून लावणार.

पाणचक्की

@दुवा_तुटला, जितके टोकन तितकी मतं, ही लोकशाही नव्हे, भागधारकांची सभा झाली. तिचा दोष विकेंद्रीकरणाच्या माथी मारू नका.

दुवा_तुटला

मान्य. पण 'एक माणूस एक मत' करायला आधी हा माणूस खरा आहे आणि एकच आहे, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे कोण? एक मतदारयादी बनवायची म्हटली तरी मध्ये कार्यालय आलंच.

खडूफळा

वर अथेन्सचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. इतिहास शिकवण्यात हयात गेली आहे, तेव्हा थोडं सैल सोडा.

इ.स.पू. ४२७. लेस्बॉस बेटावरच्या मितिलिनी या नगरानं अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते मोडलं. अथेन्सच्या सभेत संताप. क्लिऑन नावाचा वक्ता उभा राहिला, त्याच्या बोलण्यानं सभा पेटली आणि ठराव झाला: मितिलिनीचे सगळे प्रौढ पुरुष ठार, बायका-मुलं गुलाम. बंडात कोण होता, कोण नव्हता, चौकशी नाही. त्याच दिवशी हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा.

रात्र मध्ये गेली. सकाळी लोकांना झोंबायला लागलं. आपण अख्खं नगर मारतोय, दोषी तेवढे नव्हे. पुन्हा सभा भरली. क्लिऑन म्हणाला, रोज निर्णय बदलणारं नगर राज्य करू शकत नाही. डायोडोटस नावाच्या माणसानं विरोध केला, आणि दयेची भाषा न करता निव्वळ हिशेब मांडला: सगळ्यांनाच मारणार हे कळलं, तर पुढचं बंडखोर नगर शेवटपर्यंत शरण येणार नाही. हात वर झाले. जवळजवळ बरोबरी. डायोडोटस निसटता जिंकला.

दुसरं जहाज सुटलं. पहिल्याला दिवसभराची आणि रात्रीची आघाडी. वल्हेकरी वल्ही न सोडता जवाचं पीठ दारूत आणि तेलात कालवून खात होते. पाळीपाळीनं झोपत होते. पहिलं जहाज मात्र असला निरोप पोचवायचा म्हणून रेंगाळत चाललेलं. ते आधी पोचलं. सेनापतीनं हुकूम वाचून तो अमलात आणायची तयारी चालवली, तेवढ्यात दुसरं बंदराला लागलं. थ्युसिडिडीस या त्या काळच्या इतिहासकारानं हे सगळं लिहून ठेवलंय. (बंडाचे सूत्रधार म्हणून ज्यांना अथेन्सला आणलं होतं, त्यांना मारलंच. ते राहून जातं सांगायचं.)

मी हे का सांगतोय? पहिल्या दिवशीचा ठराव कुणाचा होता? सगळ्यांचा. म्हणजे जाब कुणाला विचारायचा? कुणालाच नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये त्याच सभेनं आर्गिनुसाईची लढाई जिंकून आलेल्या सेनापतींवर एकगठ्ठा खटला चालवला. वादळात बुडणाऱ्यांना वाचवलं नाही हा आरोप. सहा जणांना ठार केलं. त्या दिवशी कामकाज चालवणाऱ्यांमध्ये सॉक्रेटिस होता, त्यानं बेकायदा म्हणून विरोध केला, कुणी ऐकलं नाही. पुढं सभेला पश्चात्ताप झाला, आणि मग खटले कुणावर? सभेला 'फसवणाऱ्या' वक्त्यांवर. सभा स्वतःला कधीच पाडत नाही. सरकार पाडता येतं.

गाठोडं

खडूफळा सर, दंडवत.

पाणचक्की

सर, गोष्ट अंगावर आली. पण एक सांगा, दुसरी सभा चोवीस तासांत भरली म्हणूनच ते नगर वाचलं ना? कुठल्या संसदेनं एका रात्रीत स्वतःचा निर्णय फिरवला असता? 'आढावा समिती नेमू' म्हणाले असते आणि समितीचा अहवाल येईपर्यंत मितिलिनीत कुत्री रडली असती.

आणि जाब विचारण्याचं म्हणाल, तर प्रतिनिधी तरी कुणाला जाब देतो? एडमंड बर्क या ब्रिटिश खासदारानं १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर सांगितलं होतं, की मी तुमचा निरोप्या नाही, मी माझी विवेकबुद्धी वापरणार. भाषण अजून वाखाणलं जातं. १७८० मध्ये ब्रिस्टलमध्ये आपला निभाव लागत नाही हे पाहून त्याला मैदान सोडावं लागलं, हे कमी लोक सांगतात. निदान तो स्वतःच्या बुद्धीनं तरी वागला. आजचा प्रतिनिधी पक्षादेशावर हात वर करतो. आपल्याकडे १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेश मोडला तर सदस्यत्वच जाऊ शकतं. घोडेबाजार थांबावा हा हेतू चांगला असेल, पण झालं काय? तो मतदारांचाही राहिला नाही आणि बर्कसारखा स्वतःचाही.

उलटतपासणी

हा मुद्दा बिनतोड आहे. प्रतिनिधीला पक्षानं बांधलं, की पाचशे डोकी बसवण्यात अर्थ राहत नाही, पाच पुरतील.

कागदी_होडी

सगळे प्रतिसाद वाचले. 'खाली' आणि 'जवळ' हे शब्द सगळ्यांना फार गोड वाटतायत. मला नाही वाटत. थोडं कडू लिहिते.

धाग्याच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडचं कौतुक आहे. त्या देशात १९५९ मध्ये स्त्रियांना मताधिकार द्यावा का, हा प्रश्न मताला टाकला. मत देणारे कोण? पुरुष. दोन तृतीयांशांनी नाही म्हटलं. देशपातळीवर बायकांना मत मिळालं १९७१ मध्ये. आणि थेट लोकशाहीचा सगळ्यात शुद्ध नमुना म्हणून जे दाखवतात, ते अपेन्झेल इनररोडन हे छोटं स्विस राज्य? तिथं आजही वर्षातून एकदा चौकात सभा भरते, हात वर करून निर्णय होतात, पुरुषाच्या कमरेची तलवारही त्याच्या मताचा परवाना म्हणून चालते. त्या चौकातल्या पुरुषांनी १९९० च्या एप्रिलमध्येसुद्धा बायकांना नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, तेव्हा दार उघडलं. म्हणजे लांबच्या, लोकांनी थेट न निवडलेल्या, काळे कोट घातलेल्या माणसांनी. चौकानं नव्हे.

जवळची सत्ता माणसाला ओळखते, हे खरंय. पण ती तुमचा बाप कोण, तुम्ही कुणाच्या घरात नांदता, तुमच्या चुलतभावाचं काय लफडं झालं, हेही ओळखते. राजधानीतल्या कारकुनाला तुमचं नाव माहीत नसतं, आणि कधीकधी तेच तुमचं संरक्षण असतं.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हेच मांडलं होतं. खेड्याला राज्यकारभाराचा पाया करा म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं, की खेडं म्हणजे दुसरं काय आहे, स्थानिकपणाचं डबकं आणि अज्ञान, कोतेपणा, जातीयता यांची गुहाच ना? मसुद्यानं खेडं सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा आनंद त्यांनी बोलून दाखवला. पुढे मार्गदर्शक तत्त्वांत ग्रामपंचायती आल्या, आणि १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं त्यांना घटनेचं बळ मिळालं. पण ते कसं मिळालं ते पाहा: किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात, नियमित निवडणूक सक्तीची. या अटी खालून उगवल्या नाहीत, वरून घातल्या. त्या नसत्या तर सभेत कोण बसलं असतं हे मी सांगायला नको.

'जे भोगणार त्यांनी ठरवावं' म्हणता. भोगणाऱ्यांतल्या निम्म्यांना दाराबाहेर ठेवून ठरवणं, हेच बहुतेक ठिकाणी बहुतेक काळ चालत आलंय.

शेवटचा बाक

+१. यावर विनोद सुचत नाहीये.

पाणचक्की

@कागदी_होडी, पटलं. थोडा वेळ द्या.

गाठोडं

निवडणूक नको, चौकही नको, मग चिठ्ठ्या टाकल्या तर? उलटतपासणींनी वर ओझरता उल्लेख केला होता. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूफळा

अथेन्समध्ये रोजचा कारभार पाहणारं पाचशेंचं मंडळ चिठ्ठ्यांनीच निघायचं. सेनापती मात्र दहा, आणि ते निवडून. जहाज कुणाच्या हाती द्यायचं ते नशिबावर सोडत नव्हते!

व्हेनिसची तऱ्हा तर विचारूच नका. १२६८ पासून डोजे (तिथला राज्यप्रमुख) निवडायला चिठ्ठी आणि निवड यांची आलटून पालटून माळ: चिठ्ठीनं ३०, त्यातून चिठ्ठीनं ९, ते निवडणार ४०, त्यातून चिठ्ठीनं १२, ते निवडणार २५, त्यातून ९, मग ४५, मग ११, आणि ते ११ जण निवडणार ४१. हे ४१ जण डोजे ठरवणार, किमान २५ मतांनी. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? कुठल्याही घराण्याला कुणाला पैसे चारायचे तेच आधी कळू नये म्हणून. प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडेपर्यंत हे चाललं. अर्थात सगळा खेळ मोजक्या घराण्यांच्या आतला.

उलटतपासणी

आजचं उदाहरण आयर्लंड. २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक आणि एक अध्यक्ष अशी सभा बसवली. नागरिक यादृच्छिक पद्धतीनं काढलेले. गर्भपातावरची घटनेतली बंदी हा विषय. निवडून आलेले सगळे त्याला हात लावायला घाबरत होते. या लोकांनी शनिवार-रविवारी बसून डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे गट ऐकले. बंदी काढा, अशी शिफारस केली. संसदेनं तो विषय लोकांपुढे नेला आणि २५ मे २०१८ ला ६६.४ टक्क्यांनी तो मंजूर झाला. म्हणजे चिठ्ठीची सभा, निवडलेली संसद आणि सगळ्यांचं मत, तिन्ही एकामागे एक.

दर वेळी जमतंच असं नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २००४ मध्ये अशाच सभेनं नवी मतदान पद्धत सुचवली. २००५ च्या सार्वमतात ५७.७ टक्के लोक हो म्हणाले. अट ६० टक्क्यांची होती. गेलं मुसळ केरात.

दुवा_तुटला

मधला एक मार्ग राहिलाच. माझं मत मी हव्या त्या माणसाकडे सोपवायचं, हव्या त्या विषयापुरतं, आणि मनात येईल तेव्हा काढून घ्यायचं. जर्मनीतल्या पायरेट पक्षानं हे संगणकावर करून पाहिलं. २०११ मध्ये बर्लिनच्या निवडणुकीत त्यांना ८.९ टक्के मतं आणि १५ जागा मिळाल्या होत्या, अगदीच पोरखेळ नव्हता. झालं काय, तर मतं सोपवणारे सोपवून मोकळे झाले आणि परत काढून घ्यायला कुणी फिरकलंच नाही. काही थोड्या जणांकडे शेकड्याच्या घरात मतं साठली. पुन्हा पुढारी तयार!

शेवटचा बाक

आता माझी पाळी, आणि खरंच घडलेलं सांगतो.

आमच्या सोसायटीत ऐंशी घरं. सर्वसाधारण सभा म्हणजे थेट लोकशाहीच, नाही का? वेळ दहाची. दहाला सहा जण. गणपूर्ती नाही, सभा तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू, आणि तेव्हा गणपूर्तीची अट नाही. हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कुणी दहाला येतच नाही. साडेदहाला अकरा जण. दुरुस्तीचा लाखोंचा ठराव अकरा जणांत नऊ विरुद्ध दोन. त्या दोनात मी.

ते नऊ वाईट नव्हते, हे लिहिलं पाहिजे. निवृत्त होते, त्यांना वेळ होता. बाकीची घरं झोपलेली, कामावर गेलेली, लहान पोर सांभाळत बसलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा मला नंतर फोन आला, 'अहो, मला यायचं होतं, पण सासूबाईंना एकटं कसं टाकणार?' नंतरच्या वर्षी आम्ही प्रत्येक मजल्याचा एक माणूस ठरवला. त्यानं आधी चार घरं फिरून विचारायचं आणि मग सभेला यायचं. आता सभेला वीस जण असतात, पण ऐंशी घरांचं म्हणणं येतं. कमी माणसं, जास्त लोक. विचित्र आहे, पण आहे खरं.

कागदी_होडी

विचित्र अजिबात नाही. सभेला हजर राहायलाही ऐपत लागते. वेळ ज्याच्याकडे, सत्ता त्याच्याकडे.

उलटतपासणी

थेट मतानं सत्ता खाली येते असं वाटणाऱ्यांसाठी कॅलिफोर्निया. जून १९७८, प्रस्ताव क्रमांक १३. मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर बांधा, हा लोकांनी आणलेला आणि लोकांनीच प्रचंड बहुमतानं केलेला ठराव. पण मालमत्ता कर हे तिथल्या शहरांचं, परगण्यांचं, शाळा-मंडळांचं मुख्य उत्पन्न. ते आटलं. मग पैशासाठी सगळे राज्याच्या दारात. पैसा राज्याचा, मग अटीही राज्याच्या. लोकांनी स्वतःच्या हातांनी सत्ता खालून उचलून वर नेऊन ठेवली, आणि तसं करायचा कुणाचाच हेतू नव्हता.

उलटा दाखलाही देतो, म्हणजे मी एकतर्फी ठरणार नाही. ग्लारूस, तेच हात वर करणारं दुसरं स्विस राज्य. २००६ च्या मे महिन्यात सरकारनं प्रस्ताव आणला की २५ गावपालिकांच्या १० करू. मैदानातून एक सामान्य नागरिक उठला आणि म्हणाला, दहा कशाला, तीनच करा. आणि सभेनं ते मान्य केलं! सरकारचीच भंबेरी उडाली. इतकं, की पुढच्या वर्षी खास सभा बोलावून पुन्हा विचारलं, खरंच ना? सभा म्हणाली, खरंच. २०११ पासून तिथं तीनच पालिका आहेत. एकाही निवडून आलेल्या माणसाची आपल्या गावाची पालिका बुडवायची छाती झाली नसती.

खडूफळा

आणि एकमत हवंच म्हणणाऱ्यांसाठी पोलंड. तिथल्या संसदेत एकटा सदस्य 'मला मान्य नाही' म्हणून अख्खं अधिवेशन मोडू शकायचा. १६५२ पासून ही खोड लागली. शेजाऱ्यांना एक सदस्य फोडला की पुरे. १७९१ मध्ये तो नकाराधिकार काढला, तोवर फार उशीर झाला होता. १७९५ मध्ये देश नकाशावरून गेला.

पाणचक्की

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

कागदी_होडी यांच्या प्रतिसादानंतर माझं पहिलं वाक्य मला टोचतंय. प्रतिनिधी हा अंतरावरचा तोडगा, असं मी म्हटलं होतं. शेवटचा बाक यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना अंतर किती होतं? दोन जिने. तरी त्या पोचल्या नाहीत. म्हणजे घोडागाडी गेली म्हणून प्रतिनिधीचं काम संपलं, हे माझं गणित चुकलं.

पण बाकीचं मी मागे घेत नाही. पोर्तो अलेग्रेमध्ये २०१७ ला महापालिकेनं ती सभांची पद्धत थांबवली. वरून दिलेली सत्ता वरूनच काढून घेता येते, याचा मला राग येतो, आणि तो राग चुकीचा आहे असं मला अजून कुणी पटवलेलं नाही. कडक अटी वरून असाव्यात, किल्ली खाली असावी. कसं, ते मला माहीत नाही.

खडूफळा सर, एक राहिलं. त्या दुसऱ्या जहाजावर पीठ आणि दारू कुणी भरली होती? अथेन्सच्या सभेनं?

खडूफळा

नाही. मितिलिनीचे दूत तेव्हा अथेन्समध्येच होते. मत द्यायचा अधिकार त्यांना अर्थातच नव्हता. सकाळी दारोदार हिंडून त्यांनीच, तिथल्या काही मित्रांना धरून, दुसरी सभा बोलवायला लावली. पीठ, दारू त्यांनीच जहाजावर चढवली आणि वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस देऊ म्हणून वल्हेकऱ्यांना सांगितलं.

कागदी_होडी

म्हणजे प्रतिनिधीच.

पाणचक्की

हो. मतदार नसलेल्यांचे.